जोडरस्त्याचा हिशेब

सरकारी दवाखान्यातून निवृत्त होताना सिस्टरांनी मनाशी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. सकाळी उशिरापर्यंत लोळायचं आणि यापुढे कोणाचं रक्त बघायचं नाही. पहिली कधी जमलीच नाही, कारण इतक्या वर्षांच्या ड्यूटीने शरीराचंच घड्याळ झालं होतं. दुसरी जमली असती. पण गावाने त्यांना नगराध्यक्ष करून टाकलं आणि दुसऱ्याचं रक्त बघणं राहिलं बाजूला, स्वतःचंच आटवायची वेळ आली.

त्यांना नावाने हाक मारणारं गावात कोणी उरलं नव्हतं. अर्ध्या गावाला त्यांनी इंजेक्शनं टोचली होती, उरलेल्या अर्ध्याचे टाके काढले होते. सगळ्यांच्या त्या सिस्टर. त्यांचे यजमान सायकल दुरुस्तीचं दुकान चालवत, ते ओघानेच 'सिस्टरचे मिस्टर' झाले, आणि दुकानाच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, लोक पंक्चर काढायला 'मिस्टरांकडे'च जात. इतकंच काय, मिस्टरांची सख्खी थोरली बहीणसुद्धा भावजयीला सिस्टरच म्हणायची. "नणंद भावजयीला बहीण म्हणते असं गावात आमचं एकच घर," असं मिस्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

निवडणुकीत दोन तगड्या गटांची जुंपली होती आणि दोघांनाही समोरच्याचा माणूस नको होता. सगळ्यांच्या ओळखीची एखादी साधी बाई बसवली तर ती गुमान सह्या करील, असा दोघांचाही होरा. पण बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय नर्स औषधाला हात लावत नाही, हे त्या धामधुमीत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

गावाच्या मधोमध नदी. अलीकडच्या काठावर बाजार, दवाखाना आणि नगरपालिका; पलीकडे शाळा आणि नवी वस्ती. जुना लाकडी पूल पुरात गेला तेव्हा नव्या पुलाचा करार झाला होता. नदीवरचा पूल देशाच्या सरकारने बांधायचा आणि दोन्ही काठांवरून पुलावर चढणारे रस्ते, म्हणजे जोडरस्ते, नगरपालिकेने करायचे. सरकारने आपला पूल बांधला. छान बांधला, रुंद, कठडेबिठडे लावून. नगरपालिकेचे रस्ते मात्र झालेच नाहीत. त्यामुळे पूल दोन्ही टोकांना दुमजली घराच्या उंचीवर हवेतच संपत होता. नाइलाजाने गावच्या वेल्डरने दोन्हीकडे लोखंडी शिड्या उभ्या करून दिल्या. लोक शिडी चढून पुलावर जात, ऐटीत पूल ओलांडत आणि पलीकडे पुन्हा शिडी उतरत. सायकली दोराने वर ओढाव्या लागत. त्यासाठी मिस्टरांनी दुकानात खास आकडे करून ठेवले होते आणि ते बरे खपत होते, ही गोष्ट सिस्टरांना जरा खटकायची.

वन्सं, म्हणजे सिस्टरांची ती थोरली नणंद, पलीकडच्या काठावर एकट्या राहत. यजमान वारल्यापासून दर आठवड्याला भावाकडे जेवायला येण्याचा त्यांचा नेम होता आणि शिडी झाली तरी त्यांनी तो मोडला नव्हता. पण एके दिवशी पूल ओलांडून अलीकडे आल्यावर त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि त्यांच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. त्या तिथेच, पुलाच्या टोकाला, पर्स मांडीवर घेऊन बसल्या. निरोप गेला तशा सिस्टर सभा अर्धी टाकून आल्या.

"वन्सं, या हळूहळू. मी खाली शिडी धरलीय."

"शिडी तू धरशील गं, माझे गुडघे कोण धरणार?" वरून आवाज आला. "नगराध्यक्ष आहेस ना? मग रस्ता वर आण. मी बसलेय इथे."

खाली बरीच गर्दी जमली होती. शेवटी वेल्डरने आणि दोघा-तिघांनी मिळून एक लाकडी खुर्ची वर चढवली, वन्संना तीत बसवून दोरांनी आवळलं आणि सायकल सोडतात तसं अलगद खाली सोडलं. वन्संनी डोळे गच्च मिटले होते, पण तोंड मिटलं नव्हतं. खुर्ची जमिनीला टेकेपर्यंत त्या सरकारचा उद्धार करत होत्या.

"कोणत्या सरकारचा, आक्का?" मिस्टरांनी दोर सोडवता सोडवता विचारलं.

"मला काय ठाऊक कोणत्या! एक म्हणतं आम्ही पूल दिला, दुसरं म्हणतं पैसे आले नाहीत." मग त्या भावजयीकडे वळल्या. "तू सांग. शिव्या तरी कोणाच्या नावाने घालायच्या?"

लोक हसले. सिस्टर हसल्या नाहीत. आपण नगराध्यक्षाच्या खुर्चीत बसून वर्ष होत आलं आणि या साध्या प्रश्नाचं उत्तर आपल्यालाही देता येत नाही, हे त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना बोलावलं. मुख्याधिकारी म्हणजे नगरपालिकेचा कारभार हाकणारे पगारी अधिकारी. सडसडीत, अबोल, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. नगराध्यक्ष येत आणि जात, ते मात्र बरीच वर्षं तिथेच होते.

"जोडरस्त्याचे पैसे आले होते का?" सिस्टरांनी विचारलं.

"आपल्या वाट्याचे आपणच बाजूला काढले होते," ते म्हणाले. "ठेवले होते."

"मग?"

मुख्याधिकाऱ्यांनी दार लोटून घेतलं. "सिस्टर, सफाई कामगारांचा संप आठवतोय? गल्लोगल्ली कचऱ्याचे ढीग होते."

आठवत कसा नसेल? त्या वेळी दवाखान्यात जुलाब-उलट्यांच्या पेशंटना जमिनीवर गाद्या घालाव्या लागल्या होत्या.

"कामगारांचे पगार थकले होते. वरून येणारं अनुदान आलं नव्हतं. घरपट्टी गावातले अर्धे लोक भरत नाहीत. तिजोरीत हात लावता येईल अशी एकच रक्कम होती." त्यांनी खिशातली पेनं सारखी केली. "तुमच्या आधीच्या अध्यक्षांनी आणि मी मिळून ठरवलं. अनुदान आलं की परत भरू म्हटलं. ते आलं तेव्हा पुढचे पगार थकले होते."

"म्हणजे कोणी खाल्ले नाहीत."

"दमडीसुद्धा नाही. पण जोडरस्त्याला लागले नाहीत, हेही खरं."

त्यांनी मग एक कागद पुढे सरकवला. दरवर्षी जायचा तो दाखला. दिलेला निधी ठरल्या कामावर खर्च झाला आणि स्थानिक वाट्याचं काम पूर्ण झालं, असं त्यात लिहिलेलं होतं. तो गेला नाही तर पूल बांधणारं राजधानीतलं सरकारी खातं गावात चालू असलेल्या गटारांच्या कामाचा पुढचा हप्ता रोखणार होतं.

"काम पूर्ण झालंय?" सिस्टरांनी विचारलं.

"कागदावर."

"माझ्या नणंदेला काल खुर्चीला बांधून उतरवलं. तिला दाखवू का हा कागद?"

सिस्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पेशंटच्या नातेवाइकांना काही अवघड सांगायचं असलं की त्या असंच करत.

"मी सही करणार नाही. उलट त्यांना आहे ते लिहून कळवणार आहे. पण त्यात तुम्ही अडकाल. म्हणून तुम्हाला आधी सांगतेय."

"तुम्हीही अडकाल. आणि गटारं थांबतील."

"ते कळतंय मला."

रात्रीच्या जेवणाला मिस्टर म्हणाले, "अगं, आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतेयस." नंतर ताटातलं आवरत म्हणाले, "पण सही तू करणार नाहीस हे मला लग्नाच्या आधीपासून माहिती आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याधिकारी घरी आले. सिस्टरांनी लिहिलेलं पत्र त्यांनी वाचलं, एक पेन काढलं, दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं आणि त्यांच्या सहीखाली आपली सही केली. "चहा घेणार?" असं सिस्टरांनी विचारायच्या आत ते निघूनही गेले.

पुढचे काही महिने वाईट गेले. खात्याने गटारांचा हप्ता रोखला. खणून ठेवलेले चर तसेच उघडे राहिले, त्यांत डबकी साचली आणि सिस्टरांच्याच गल्लीत सगळ्यात जास्त वास मारू लागला. दोन्ही गट एकदम एक झाले आणि म्हणू लागले, बाईंना कारभारातलं काही कळत नाही. आधीचे नगराध्यक्ष रस्त्यात भेटले तर मान फिरवून जायचे. मिस्टरांच्या दुकानातली काही जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली. कोणीतरी अफवा उठवली की पैसे सिस्टरांनी घेतले आणि बोंब होण्याआधी पत्राची पळवाट काढली. दवाखान्यात कधी साधी कापसाची गुंडाळी घरी न नेणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं. त्या वरवर शांत होत्या, पण भाजी चिरताना हात थांबायचे आणि त्या कितीतरी वेळ विळीकडे नुसत्या बघत बसायच्या.

एकदा त्या मुख्याधिकाऱ्यांना म्हणाल्याही, "चुकलं का हो माझं?"

"ते मला विचारू नका," ते म्हणाले. "मी तुमच्या जागी असतो तर सही केली असती. आणि पुढच्या वर्षी पुन्हा केली असती."

मग राजधानीहून तपासणी अधिकारी आले. पन्नाशीचे, गोलसर, पॉलिश केलेले बूट, हातात रुमाल. आल्या आल्या म्हणाले, "दाखले खोटे निघतात हे आम्हाला नवीन नाही. पण दाखला खोटा ठरेल म्हणून पाठवत नाही असं कळवणारं पत्र माझ्या नोकरीत पहिल्यांदाच आलं. त्याचं करायचं काय, हे ठरवायला खात्याला वेळ लागला."

सिस्टर त्यांना थेट पुलाकडे घेऊन गेल्या. शिडी बघून ते थबकले. त्यांना उंचीची भीती वाटत होती, हे त्यांच्या मानेवरच्या घामावरून सिस्टरांनी तेव्हाच ओळखलं. "खाली बघू नका, माझ्या चपलांकडे बघत या," असं म्हणून त्या पुढे झाल्या. मागून मुख्याधिकारी चढले. वर पोचल्यावर अधिकाऱ्यांनी कठडा पकडून बराच वेळ श्वास घेतला.

खाली नदीत पोरं चेंडू खेळत होती. पाणी त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत होतं.

"साहेब, एक विचारू?" सिस्टर म्हणाल्या. "हा पूल इतका उंच कशाला?"

"खालून मोठ्या बोटी जाता याव्यात म्हणून." ते बोलून गेले आणि त्यांनी पुन्हा खाली पाहिलं.

"पावसाळ्यातसुद्धा इथून होडीपेक्षा मोठं काही जात नाही."

"आराखडा ठरलेला असतो. सगळ्या नद्यांना तोच."

"म्हणजे ताप असो की पाय मोडलेला असो, सगळ्यांना एकच गोळी."

अधिकारी हसले, पण ते हसू लगेच मावळलं. पूल जितका उंच, तितका त्यावर चढणारा रस्ता लांब, आणि तितकाच महाग. नगरपालिकेच्या वाट्याचा अंदाज जुन्या, बुटक्या पुलावरून काढलेला होता. म्हणजे ठेवलेले पैसे पगारात गेले नसते तरी त्यांत एका काठाचा रस्तासुद्धा धड झाला नसता.

"हे तेव्हाच का नाही विचारलं तुम्ही?" अधिकाऱ्यांनी मुख्याधिकाऱ्यांना विचारलं.

"फुकटात पूल मिळत होता, साहेब. तोंड उघडायला कोण जातंय?" मुख्याधिकारी म्हणाले. "आणि तुम्हीही आम्हाला विचारलं नाहीत."

मग सिस्टर म्हणाल्या, "आत्ता आपण तिघं जे बोललो, तेच गावासमोर बोलायचं. इथेच, पुलावर."

"जाहीर सभेत?" अधिकाऱ्यांचा चेहरा शिडीच्या वेळी झाला होता तसा झाला. "मला तशी परवानगी नाही."

"मनाईही नसेल."

सभा दोन दिवसांनी, संध्याकाळी झाली. दोन्ही काठांकडून माणसं शिड्या चढून आली आणि पूल पहिल्यांदाच खरोखर भरला. वन्सं खुर्चीत बसून दोरांनी वर आल्या, या वेळी डोळे उघडे ठेवून. सिस्टरांनी भाषणबिषण केलं नाही. पैसे किती होते, कधी होते, कशात गेले, हे त्यांनी दवाखान्यात केस सांगावी तसं सांगितलं.

"ते सोडा. खाल्ले कोणी ते सांगा!" मागून एक जण ओरडला.

"कोणीच नाही. तेच तर सांगतेय."

गर्दीत निराशेची चुळबुळ झाली. लोक चोर बघायला आले होते. चोर नाही म्हटल्यावर रागावायचं कोणावर, हेच त्यांना कळेना.

मग सफाई कामगारांपैकी एक बाई उभी राहिली. "आमच्या पगारात गेले म्हणता. म्हणजे रस्ता आम्ही खाल्ला?"

"नाही गं बाई," सिस्टर म्हणाल्या. "तुझ्या पगारावर तुझाच हक्क. तो द्यायला आमच्याकडे वेगळे पैसे असायला हवे होते. ते नव्हते, कारण या गावात निम्म्या घरांची घरपट्टी येत नाही. माझ्या घरातल्यांचीही सगळ्यांची येत नाही."

सगळ्यांच्या माना वन्संकडे वळल्या. जोडरस्ता होत नाही तोवर घरपट्टीचा एक छदाम देणार नाही, ही त्यांची प्रतिज्ञा गावभर माहीत होती.

"माझ्याकडे काय बघताय?" वन्संनी पर्स छातीशी धरली.

हशा पिकला आणि वातावरण जरा सैल झालं. तेवढ्यात तपासणी अधिकारी पुढे आले. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि उंचीची गोष्ट सांगितली. आराखडा त्यांच्या खात्याचा, उंची वाढवली तीही खात्यानेच, आणि त्यामुळे गावाचा खर्च वाढतोय हे बघायची जबाबदारीही खात्याचीच होती. "ती आम्ही पार पाडली नाही," ते म्हणाले. "हे मी लेखी देईन." त्यांचा आवाज बारीक होता, पण पलीकडच्या टोकापर्यंत ऐकू गेला.

मुख्याधिकाऱ्यांनी फक्त एक वाक्य म्हटलं. "पगाराला पैसे वळवायचा कागद मी तयार केला होता." मग ते खाली बसले.

वन्सं खुर्चीतच ताठ झाल्या. "मी भरते घरपट्टी. मागची सगळी. पण मला एक सांगा, माझा पैसा कुठे गेला हे मला सांगणार कोण?"

तपासणी अधिकारी आणि मुख्याधिकारी दोघंही एकदम बोलू लागले आणि दोघंही एकदम थांबले.

"हे असं होतं बघा," वन्सं म्हणाल्या. "दोघांनी मिळून सांगायचं. एकत्र उभं राहून. नाहीतर मी परत बंद करीन."

पुढे ठरलं ते असं. जोडरस्त्यासाठी बँकेत वेगळं खातं उघडायचं. उंचीमुळे वाढलेला खर्च राजधानीतल्या खात्याने उचलायचा, मूळ वाटा नगरपालिकेने घरपट्टीतून भरून काढायचा, आणि त्या बँक खात्यातला एक पैसाही दोघांच्या सह्यांशिवाय हलवायचा नाही. दर तीन महिन्यांनी दोन्ही बाजूंच्या माणसांनी पुलाशी उभं राहून लोकांना हिशेब वाचून दाखवायचा. हे लिहिलं तितकं सरळ झालं नाही. राजधानीत फाइल अडली, पुन्हा सुटली, पुन्हा अडली. तपासणी अधिकाऱ्यांनी ती ढकलत नेली आणि त्यापायी वरिष्ठांची बोलणी खाल्ली. घरपट्टी सगळ्यांनी भरली नाही, पण पूर्वीपेक्षा खूप जास्त जणांनी भरली. रोखलेला हप्ता सुटला आणि गटारांचं काम पुन्हा सुरू झालं.

मुख्याधिकाऱ्यांची चौकशी झाली. एक वेतनवाढ रोखली आणि दूरच्या गावी बदली केली. निरोपाला सिस्टर त्यांच्या घरी गेल्या तेव्हा सामान बांधून झालं होतं आणि बसायला फक्त एक ट्रंक उरली होती.

"तिकडे समुद्र आहे," मुख्याधिकारी म्हणाले. "बायको खूष आहे. इतक्या वर्षांत माझ्या कामामुळे ती पहिल्यांदाच खूष झालीय."

सिस्टर हसल्या आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून त्या ट्रंकेची कडी नीट लागलीय का ते बघू लागल्या.

पुढची निवडणूक त्या हरल्या. समोरच्याने निम्मी घरपट्टी माफ करायचं आश्वासन दिलं होतं. ते त्याला पुढे पाळता आलं नाही, पण निवडून यायला पुरलं. जोडरस्ते त्याच्याच कारकिर्दीत पूर्ण झाले, त्यानेच फीत कापली आणि संगमरवरी पाटीवर त्याचंच नाव लागलं. मिस्टर त्या दिवशी दिवसभर धुसफुसत होते. सिस्टर म्हणाल्या, "अहो, टाके कोणी घातले हे पेशंटला कुठे आठवतं? जखम भरली ना?" पण पाटीसमोरून जाताना त्यांनी ती एकदा पूर्ण वाचली, हे मिस्टरांनी पाहिलं.

हिशेब वाचायचं मात्र नव्या नगराध्यक्षाला बंद करता आलं नाही. रस्ता झाल्यावर त्याने तसा प्रयत्न केला, पण त्याच बँक खात्यात आता दिव्यांचे आणि देखभालीचे पैसे येत होते आणि लोकांना ऐकायची सवय लागली होती. सिस्टर आणि वन्सं दर वेळी पुढच्या बाकावर जाऊन बसतात. परवा राजधानीहून आलेली तरुण अधिकारी बाई वाचत होती आणि तिच्या शेजारी नवा नगराध्यक्ष घड्याळ बघत उभा होता. दिव्यांच्या खर्चाचा आकडा तिने घाईघाईत वाचला.

सिस्टरांनी हात वर केला. "ताई, तेवढी एक ओळ परत वाचा. जरा सावकाश."

नगराध्यक्षाने सुस्कारा सोडला. त्या बाईने ओळ परत वाचली. सिस्टरांनी ऐकून घेतलं, वन्संनी कानाशी वाकून काहीतरी विचारलं, त्यावर सिस्टरांनी त्यांना समजावून सांगितलं, आणि वन्संनी मान हलवली तेव्हा कुठे त्या बाईला पुढची ओळ वाचता आली.